तेलाचा हिशेब

कारखान्यात बनलेल्या मोटारीत क्लचचं पेडल किती खाली जावं, नळीतून किती तेल पुढे सरकावं आणि आतलं बेअरिंग किती हलावं, हे आरेखकांनी गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच ठरवून टाकलेलं असतं. मालकाकडे उरतं ते अधूनमधून तेल बदलणं. घरी बांधलेल्या मोटारीत पेडल एका गाडीचं असतं, मास्टर सिलिंडर दुकानात मिळाला तो, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा आणि स्लेव्ह सिलिंडर त्या गिअरबॉक्सला लटकून आलेला. प्रत्येक भाग आपापल्या मूळ गाडीत उत्तम चाललेला असतो, आणि एकत्र आल्यावर क्लच सुटत नाही. पहिला गिअर टाकताना करकर होते, रिव्हर्स तर पडतच नाही. अशा वेळी बांधणारा पान्हा घेऊन पुशरॉडचा नट फिरवायला लागतो. माझ्या मते त्या नटाकडे सगळ्यात शेवटी वळावं. हायड्रॉलिक क्लच जुळवणं हा मुळात तेलाच्या आकारमानाचा हिशेब आहे, आणि घरच्या गाडीत तो कुणीही आधी केलेला नसल्यामुळे बांधणाऱ्यालाच करावा लागतो.

घरी मोटार बांधण्याची परंपरा सर्वात जोमानं वाढली ती ब्रिटनमध्ये. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांत घेता येत असे, कारण तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर सुट्या संचावर लागत नसे. संचासोबत जोडणीच्या सूचना देण्याची मुभा नव्हती, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या उलट्या वाचत असे, असं सांगतात. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, ती सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधायला शिकवणारं पुस्तक हेन्स प्रकाशनानं काढलं आणि ‘लोकॉस्ट’ हा प्रकार रूढ झाला. त्यातली मूळ कल्पना जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरण्याची होती. एस्कॉर्टचा क्लच केबलचा, त्यामुळे तेलाचा प्रश्नच नव्हता. नंतर लोक माझ्दा एमएक्स-५ सारख्या गाड्यांचे इंजिन-गिअरबॉक्स वापरू लागले. तिथे क्लच तेलावर चालतो, आणि आपली अडचण तिथपासून सुरू होते.

यंत्रणा तशी साधी आहे. शाळेत दोन सिरिंज एका नळीनं जोडून एक दाबली की दुसरी वर येते, तेवढंच इथं घडतं. पेडल दाबलं की त्याला जोडलेला दांडा, म्हणजे पुशरॉड, मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुढे ढकलतो, तेल नळीतून स्लेव्हकडे ढकललं जातं, स्लेव्हचा पिस्टन फोर्क ढकलतो, फोर्कच्या दुसऱ्या टोकाला असलेलं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमची बोटं आत दाबतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. पास्कलच्या नियमानुसार दाब दोन्ही सिलिंडरांत सारखा असतो. म्हणून स्लेव्हचं क्षेत्रफळ मास्टरच्या जितक्या पट, तितक्या पट जोर वाढतो आणि तितक्याच पट हालचाल कमी होते. जोर आणि हालचाल दोन्ही एकदम वाढवून मागता येत नाहीत. पुढचं सगळं याच अटीभोवती फिरतं.

आकडे घालून पाहू. पेडलचा पाय ठेवायचा भाग १३० मिमी खाली जातो आणि पेडलचं गुणोत्तर ५:१ आहे असं धरू. मास्टरच्या पुशरॉडला २६ मिमी हालचाल मिळते. त्यातला सुमारे १ मिमी मोकळा खेळ आणि जवळपास तितकीच हालचाल तेलाच्या टाकीकडे जाणारं छिद्र बंद होण्यात जाते. कामाची हालचाल उरते २४ मिमी. मास्टरचा व्यास ५/८ इंच असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ १९८ चौरस मिमी येतं, म्हणजे पूर्ण पेडलला ४.७५ घन सेंमी तेल सरकतं. स्लेव्ह ७/८ इंचाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३८८ चौरस मिमी, म्हणून त्याचा पिस्टन १२.२ मिमी सरकतो. फोर्कचं गुणोत्तर १.८ धरलं तर बेअरिंग हलतं ६.८ मिमी. या क्लचला पूर्ण सुटायला ८ मिमी लागत असतील, तर इथं सव्वा मिलिमीटरची तूट आहे. तेलात हवेचा एक बुडबुडा नाही, प्रत्येक भाग नवाकोरा आहे, तरी क्लच सुटणार नाही. कोणताही नट फिरवून ही तूट भरणार नाही, कारण सरकवायला तेवढं तेलच नाही.

आता फक्त मास्टर बदलून ०.७ इंचाचा घेऊ. क्षेत्रफळ २४८ चौरस मिमी, तेल ५.९६ घन सेंमी, स्लेव्हची हालचाल १५.४ मिमी, बेअरिंगची ८.५ मिमी. क्लच सुटला, पण शिल्लक अर्ध्या मिलिमीटरची. पाऊण इंचाचा मास्टर लावला तर बेअरिंग ९.८ मिमी हलतं. व्यासातला हा फरक नजरेला जाणवतही नाही. दुकानातल्या फळीवर तिन्ही सिलिंडर शेजारी शेजारी ठेवले तर पुष्कळदा वरचा शिक्का वाचूनच ओळखावे लागतात. बांधणाऱ्यानं खरेदीआधी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन घालवला तर नंतरचे कित्येक शनिवार वाचतील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गॅरेजमधला कुणीही जाणकार म्हणेल, “हवा राहिली असणार, परत एअर काढा.” हा सल्ला चुकीचा नाही. वरच्या उदाहरणात क्लच सोडायला डायफ्रॅमवर १,५०० न्यूटन जोर लागतो असं धरलं, तर स्लेव्हमध्ये दाब सुमारे २१ बार होतो. एवढ्या दाबाखाली १ घन सेंमी हवेचं आकारमान जेमतेम ०.०५ घन सेंमी उरतं. बाकीचं ०.९५ घन सेंमी तेल त्या हवेला दाबण्यातच खर्ची पडतं. ५.९६ मधून ते वजा केलं की स्लेव्हची हालचाल १५.४ वरून १२.९ मिमीवर येते आणि बेअरिंग ७.२ मिमीवर थांबतं. म्हणजे चिमूटभर हवाही पुरेशी घातक आहे. घरच्या गाडीत ती राहण्याची कारणंही जास्त असतात. परक्या गिअरबॉक्सला स्लेव्ह उलटा बसवावा लागला तर हवा काढायचा निपल खालच्या बाजूला जातो, आणि हवा तर वरच्या टोकाला साठते. नळी चासीच्या एखाद्या आडव्या नळकांड्यावरून चढून परत उतरली तर त्या उंचवट्यावर बुडबुडा अडकतो. अशा वेळी स्लेव्ह सोडवून निपल वर येईल असा हातात धरावा, पिस्टन बाहेर उडू नये म्हणून तो आत दाबून ठेवावा आणि मग एअर काढावी. किंवा मोठ्या सिरिंजनं स्लेव्हच्या निपलमधून तेल उलट्या दिशेनं वर चढवावं. हवेचा नैसर्गिक कल वर जाण्याचाच असल्यामुळे हा दुसरा उपाय बरेचदा जास्त गुणकारी ठरतो.

माझा वाद हवा काढण्याशी नाही. वाद आहे तो हवा आहे की नाही हे ठरवण्याच्या रूढ कसोटीशी. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर क्लच सुटला, तर हवा आहे असा निष्कर्ष काढतात. पण पेडल झटकन वर आलं की मास्टरचा पिस्टन मागे जातो आणि स्लेव्हकडून परतणारं तेल त्याच्या मागे रेंगाळतं. ती पोकळी भरायला टाकीतलं तेल सीलच्या कडेवरून पुढे येतं, आणि पुढच्या दाबाला सरकवायला नेहमीपेक्षा जास्त तेल मिळतं. हवा असो वा मास्टर लहान पडत असो, दोन्ही वेळा पेडल पंप केल्यावर क्लच सुधारलेलाच दिसतो. त्यामुळे लहान मास्टरची गाडी असलेला माणूस बाटल्यामागून बाटल्या तेल ओतत राहतो आणि दर वेळी त्याला वाटतं, अजून थोडी हवा आहे.

खरी कसोटी फूटपट्टीची आहे. एकानं पेडल पूर्ण दाबून धरावं आणि दुसऱ्यानं दोन मापं घ्यावीत: मास्टरचा पुशरॉड किती सरकला आणि स्लेव्हचा किती. दोन सिलिंडरांची क्षेत्रफळं माहीत असली की पहिल्या मापातून वाया जाणारी हालचाल वजा करून दुसरं किती यायला हवं ते काढता येतं. अपेक्षेइतकं आलं तर तेलात हवा नाही, सील गळत नाही, नळीही फुगत नाही. कमी आलं तर दोष तेलाच्या वाटेवर आहे. मास्टरचा पुशरॉडच २६ ऐवजी २० मिमी सरकत असेल तर दोष पेडलच्या बाजूला. आणि स्लेव्ह पुरेपूर सरकूनही क्लच सुटत नसेल तर दोष गिअरबॉक्सच्या पोटात: फोर्कची बैठक झिजलेली, क्लच प्लेट गंजलेल्या शाफ्टवर अडकलेली, प्लेट वाकलेली, किंवा शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग जाम झालेलं. दोन मापांत सगळी यंत्रणा तीन तुकड्यांत विभागली जाते. एवढी स्वस्त तपासणी इतक्या क्वचित का होते, हे मला खरोखर कोडं वाटतं.

पेडलच्या बाजूचा दोष घरच्या गाडीत विशेष आढळतो. लोकॉस्ट पद्धतीची चासी २५ मिमीच्या चौकोनी, १.६ मिमी जाडीच्या पोलादी नळ्यांची असते. ती हलकी असते आणि एकूण पुरेशी ताठही असते. पण मास्टर सिलिंडर ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा नुसता चार बोल्टांवर पेललेला असेल तर पेडल दाबताच सिलिंडरच पुढे झुकतो. दाबणाऱ्याला हे कळत नाही, बोनेट उघडून शेजारी उभं राहिलं तर स्पष्ट दिसतं. ०.७ इंचाच्या उदाहरणात सिलिंडर २ मिमी झुकला, तर कामाची हालचाल २२ मिमी उरते, बेअरिंग ७.८ मिमी हलतं, आणि ती अर्ध्या मिलिमीटरची शिल्लक संपून वर तूट येते. इथं उपाय तेलाचा नाही, वेल्डिंगचा आहे. पत्र्यामागे एक तिरका आधार लावला की क्लच सुटतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: मग सगळ्यात मोठा मास्टर लावून मोकळं का होऊ नये? कारण जोराची बाजू उरते. त्याच १,५०० न्यूटनसाठी ५/८ इंचाच्या मास्टरला पायाचा जोर सुमारे ८५ न्यूटन लागतो, ०.७ ला १०७ आणि पाऊण इंचाला १२२. सिग्नलवर थांबत-चालत जाणाऱ्या गाडीत हा फरक गुडघ्याला कळतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जादा हालचाल. डायफ्रॅमची बोटं ठरावीक मर्यादेपलीकडे दाबली तर ती प्लेटच्या मध्यभागाला घासू शकतात, स्प्रिंगवर अनाठायी ताण येतो, आणि स्लेव्हचा पिस्टन बाहेरच्या टोकाला पोहोचून सील उघडं पडू शकतं. म्हणून मास्टर थोडा मोठा घेतला असेल तर पेडलखाली पक्का अडसर हवाच. चासीला जोडलेला बोल्ट आणि त्याला लॉकनट, एवढं पुरतं. कारखान्याच्या गाडीत पेडल बहुधा फरशीला टेकण्याआधी थांबतं ते कुणीतरी तसं ठरवल्यामुळे. घरच्या गाडीत ते गालिच्यापर्यंत जातं आणि बांधणाऱ्याला त्याचा अभिमानही वाटतो.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. हायड्रॉलिक क्लच आपोआप जुळतो, त्याला हात लावायचाच नसतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण एका अटीवर. क्लच प्लेट झिजते तशी डायफ्रॅमची बोटं गिअरबॉक्सच्या दिशेनं मागे येतात, रिलीज बेअरिंगला मागे ढकलतात, स्लेव्हचा पिस्टन आत सरकतो आणि तिथलं जादा तेल मास्टरमधून टाकीत परततं. ते परततं पिस्टनच्या तोंडाशी असलेल्या एका बारीक छिद्रातून, आणि पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते छिद्र उघडं राहतं. सगळी स्वयंचलित जुळणी या छिद्रावर अवलंबून आहे. पुशरॉड लांब ठेवला आणि पिस्टन नेहमी थोडा दाबलेला राहिला तर छिद्र बंद राहतं. झिजेनं मागे येणाऱ्या तेलाला वाट मिळत नाही, एक्झॉस्टशेजारून जाणाऱ्या नळीतलं तेल तापून फुगतं त्यालाही मिळत नाही, आणि बेअरिंग बोटांवर दाब धरून बसतं. क्लच स्लिप होऊ लागतो, आणि तो गाडी तापल्यावरच स्लिप होतो म्हणून शोधायला अवघड जातो. गंमत अशी की क्लच सुटत नाही म्हणून लोक पुशरॉड लांब करतात. थोडा फायदा होतो, कारण वाया जाणारी हालचाल वाचते, आणि काही दिवसांनी उलटा आजार उभा राहतो. पुशरॉडला साधारण १ मिमी मोकळा खेळ, म्हणजे ५:१ च्या पेडलवर ५ मिमी, हा आळशीपणाचा अवशेष नव्हे. तो मुद्दाम खर्च केलेला मिलिमीटर आहे.

स्लेव्हच्या टोकालाही असाच घोळ होतो. जुन्या काही गाड्यांत फोर्कला बाहेरून ओढणारी स्प्रिंग असते. ती पेडल सोडल्यावर फोर्क मागे खेचते, बेअरिंग बोटांपासून दूर ठेवते, आणि मधलं अंतर स्लेव्हच्या पुशरॉडची लांबी बदलून जुळवावं लागतं. नंतरच्या मांडणीत ती स्प्रिंग नाही. स्लेव्हच्या आत एक हलकी स्प्रिंग बेअरिंगला बोटांशी टेकवून ठेवते, त्यामुळे मोकळं अंतर शून्य. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. घरच्या गाडीत मात्र जुना फोर्क, त्याची जुनी स्प्रिंग आणि नव्या धाटणीचा स्लेव्ह एकत्र येतात. मग बाहेरची स्प्रिंग दर वेळी पिस्टनला तळापर्यंत नेते, आणि प्रत्येक पेडलचे पहिले काही मिलिमीटर तो पिस्टन परत बोटांपर्यंत आणण्यातच जातात. स्प्रिंग काढून टाकली की क्लच सुटतो. नवा सिलिंडर मागवण्याआधी हे पाहायला हरकत नाही.

काहींना फोर्कच नको असतो. ते गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसणारा कॉन्सेंट्रिक स्लेव्ह लावतात, ज्यात बेअरिंग आणि सिलिंडर एकच वस्तू असते. फोर्ड सिएराच्या टाइप ९ गिअरबॉक्सला मूळचा केबल क्लच होता, त्याला असा स्लेव्ह बसवणं सेव्हन-प्रकारच्या गाड्यांत बरंच रूढ आहे. हिशेब इथं अधिक सरळ होतो, कारण फोर्कचं गुणोत्तर निघून जातं. पण चूक महाग पडते: इंजिन आणि गिअरबॉक्स एकदा जोडले की आत बोटही जात नाही. म्हणून जोडण्याआधी दोन ठिकाणची खोली मोजावी लागते. एक, बेल हाउसिंग जिथं टेकतं त्या पातळीपासून डायफ्रॅमच्या बोटांपर्यंतची, आणि दुसरी, गिअरबॉक्सच्या त्याच पातळीपासून पूर्ण आत दाबलेल्या बेअरिंगच्या तोंडापर्यंतची. दोहोंमधल्या फरकातून मागे किती जागा उरते ते कळतं. ही जागा शून्य असेल तर प्लेट झिजल्यावर बोटांना मागे यायला वाव नाही आणि क्लच स्लिप होणार. प्लेट जेवढी झिजते त्याच्या तीन-चार पट बोटं मागे येतात, हे ध्यानात ठेवून काही मिलिमीटर सोडावे लागतात. जागा फार मोठी असेल तर पिस्टन आपल्या मर्यादेच्या टोकाशी काम करतो, आणि मग मागे योग्य जाडीची चकती घालून तो पुढे आणावा लागतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा केबल बरी, असंही कुणी म्हणेल. जिथं केबल सरळ जाऊ शकते तिथं मीही केबलच सुचवीन. ती स्वस्त आहे, तिचा दोष डोळ्यांना दिसतो, आणि झिजेबरोबर ती हातानं जुळवावी लागते एवढीच तिची कटकट. मात्र उजव्या बाजूच्या चालकाच्या गाडीत केबलला एक्झॉस्टच्या नळ्यांमधून तीव्र वळणं घ्यावी लागली की घर्षणामुळे पेडल जड होतं आणि आवरण जळतं. तेलाच्या नळीला वळणाचं सोयरसुतक नसतं. निवड गाडीच्या रचनेवरून व्हावी, भीतीवरून नको. भारतात हा प्रश्न बहुतेकांना खासगी रस्त्यापुरता किंवा स्पर्धेच्या ट्रॅकपुरताच येतो, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत केलेले बदल सहसा चालवून घेत नाही, आणि नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचण्यांतून जावं लागतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बांधलेल्या गाड्यांना मात्र हाच हिशेब तंतोतंत लागू पडतो.

शेवटची तपासणी इंजिन बंद ठेवून करता येते. मागची चाकं घोड्यांवर भक्कम उचलावीत, पुढच्या चाकांना अडणी लावावी, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी. एकानं पेडल हळूहळू दाबावं, दुसऱ्यानं दोन्ही मागची चाकं एकदम पुढे फिरवायचा प्रयत्न करावा, आणि चाकं ज्या क्षणी इंजिनपासून मोकळी होतात तिथं पेडलची उंची मोजावी. त्या जागेपासून अडसरापर्यंत पेडलला २०-२५ मिमी तरी शिल्लक असावी. आता कुठे नटाची पाळी येते: आधी मास्टरच्या पुशरॉडचा मोकळा खेळ बसवायचा, मग अडसराचा बोल्ट, आणि दोन्हीचे लॉकनट आवळायचे. नवी क्लच प्लेट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसते, तेव्हा चाकं उचलून हे माप पुन्हा एकदा घ्यावं. मोकळ्या खेळाचा मिलिमीटर तेवढाच राहिलेला असेल, तर पान्ह्याला हात लावण्याची गरज नाही.